उशीच्या अभ्र्यातला दगड: गिल्बर्ट हिलच्या पायथ्याचं एक प्रकरण

जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिलच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका इमारतीच्या मागच्या पत्र्यावर काहीतरी धाडकन आदळलं. सकाळी पाहिलं तर नारळाएवढा काळा दगड. पत्र्याला पोचा पडला होता, कुणाला लागलं मात्र नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तो दगड जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि भाचीच्या हाती माझ्याकडे पाठवला. भाची माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला भूशास्त्र शिकते. सोबत निरोप एवढाच: "मॅडमना विचार, हा डोंगर आमच्या अंगावर येणार का?"

इतकी वर्षं शिकवते आहे, पण अभ्र्यातून आलेला हा पहिलाच नमुना. आमच्याकडे नमुने कापडी पिशवीत येतात, वर क्रमांक लिहिलेला असतो, आणि ते कुठून उचलले ते माहीत असतं. हा कुठून आला तेच शोधायचं होतं. पुढे सहा महिने मी आणि चार विद्यार्थी जमेल तसे तिथे जात राहिलो. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहिते आहे. हा अभियंत्याचा स्थैर्य अहवाल नव्हे. तो करायला दोर, ड्रिलिंग आणि परवानग्या लागतात, आमच्याजवळ हातोडी, भिंग, होकायंत्र आणि एक ओळंबा होता.

दगड टेबलावर

पहिली गंमत टेबलावरच झाली. दगड बेसाल्टचाच होता, म्हणजे आपला नेहमीचा काळा दगड: बारीक कणांचा, जड, चुंबक जवळ नेला की किंचित ओढ देणारा. पण धुतल्यावर एका अंगाला राखाडी पापुद्रा दिसला. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर तो फसफसला. जुन्या बेसाल्टच्या भेगांमध्ये कॅल्साइट साठलेलं असतं आणि तेही असंच फसफसतं, त्यामुळे आधी मुलांनी तेच नाव घेतलं. भिंगाखाली पाहिल्यावर पापुद्र्यात वाळूचे गोल कण दिसले. म्हणजे सिमेंट. दगड डोंगराच्या अंगातून सुटलेला नव्हताच. तो वरच्या कुठल्यातरी डबराच्या बांधकामातून निखळला होता.

डोंगरमाथ्यावर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ आहे, छोटी बाग आहे, आणि वर जायला कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. जिथे माणसांचा वावर तिथे कठडे, बांध, डागडुजी आलीच. त्यातलाच एखादा दगड पावसानं सुटला असणार.

इथे प्रकरण बंद करता आलं असतं. भाचीचं तसं मतही होतं: "मावशीला सांगते, डोंगर निर्दोष आहे." मी तिला थांबवलं. काकूंनी प्रश्न डोंगराबद्दल विचारला होता, आणि एक दगड बांधकामातला निघाला म्हणून डोंगराबद्दल काही सिद्ध होत नाही.

हा डोंगर मुळात आहे काय

साधारण दोनशे फूट उंचीचा, जवळजवळ सरळ उभा काळा कातळ. जवळ गेलं की तो एकसंध नाही हे कळतं. शेजारीशेजारी उभ्या केलेल्या बहुकोनी खांबांची ती मोळी आहे. भूशास्त्रात याला स्तंभाकार बेसाल्ट म्हणतात. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा जायंट्स कॉजवे जगभर ठाऊक आहे, आपल्याकडे उडुपीजवळची सेंट मेरी बेटं आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं बांदिवडे अशाच खांबांसाठी नावाजलेलं आहे. उडुपीचे खांब मात्र बेसाल्टचे नाहीत, ते रायोलाइट जातीच्या, जास्त सिलिका असलेल्या खडकाचे आहेत.

खांब कसे होतात हे मुलांना सांगण्यापेक्षा करून पाहायला लावलं. कॉर्नफ्लॉवर आणि पाणी यांची दाट पेज एका डब्यात ओतायची आणि वर दिवसरात्र बल्ब पेटता ठेवायचा. काही दिवसांनी पांढरी वडी कडक होते. ती फोडली की आत बोटाहून बारीक खांबच खांब. (एका विद्यार्थ्याच्या आईनं विजेच्या बिलाबद्दल मला चांगलंच सुनावलं.) पेज सुकताना आक्रसते, लाव्हा निवताना आक्रसतो. आक्रसण्याचा ताण असह्य झाला की भेग पडते, आणि ताण सगळ्या बाजूंनी सारखा असेल तर भेगा एकमेकींना १२० अंशांच्या आसपास भेटायला लागतात. त्यातून षटकोन होतो. प्रत्यक्षात पाच, सहा, सात बाजूंचे सगळेच खांब सापडतात, निसर्ग कंपासपेटी घेऊन बसलेला नसतो. भेग एका दमात खाली जात नाही. थोडी पुढे सरकते, थांबते, खालचा थर पुरेसा निवला की पुन्हा सरकते. म्हणून खांबांच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली आइसलंडच्या बेसाल्टवर प्रयोग करून या भेगा ८४० ते ८९० अंश सेल्सियसला पडतात असं दाखवलं. म्हणजे खडक गोठलेला असतो, पण अजून लालबुंद असतो, तेव्हाच त्याचे खांब ठरून जातात.

या साऱ्यातला कामाचा नियम एकच: खांब निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. शिलारस भिंतीसारख्या उभ्या भेगेत गोठला असता तर त्याचे खांब वखारीत रचलेल्या ओंडक्यांसारखे आडवे झाले असते. गिल्बर्टचे खांब उभे आहेत, म्हणजे ज्या पृष्ठभागावरून उष्णता बाहेर पडली तो आडवा होता. हा जमिनीवर साचलेला जाड लाव्हा, की जुन्या थरांमध्ये घुसून आतल्या आत गोठलेला शिलारस, यावर भूवैज्ञानिकांचं एकमत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचं कारण ओळंबा.

मुंबईतले ज्वालामुखी थर सपाट नाहीत. घाटात, माळशेजला किंवा महाबळेश्वरला, थर पायऱ्यांसारखे आडवे रचलेले दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते वाकतात आणि तिथून पश्चिमेला समुद्राकडे कलतात. या वाकाला पनवेल फ्लेक्झर म्हणतात. भारत आणि सेशेल्स (आज हिंदी महासागरातली बेटं) एकमेकांपासून सुटत असताना कवच ताणलं गेलं, किनाऱ्याची बाजू खचली, आणि थर गालिच्याच्या कडेसारखे लवले. आता थर कलताना त्यांतले खांबही कलायला हवेत. आम्ही गच्चीवरून ओळंबा टांगला, त्याच्या दोरीच्या मागे कडा धरून फोटो काढले. खांब दोरीला जवळजवळ समांतर. आजूबाजूचं घर कललेलं आणि मधला हा खांब ताठ, म्हणजे घर कलल्यावर तो उभा राहिला असावा, असं मानणं मला तरी सोपं वाटतं.

सहा कोटी पाच लाख

याच मुद्द्यावर वयाचा घोळ येतो, आणि त्यावर थोडं रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गिल्बर्टबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात वय साडेसहा कोटी किंवा सहा कोटी साठ लाख वर्षं आणि सोबत डायनासोर. आमच्यातल्या एकानं तर तिथे उभं राहून रीलसाठी वाक्यच तयार केलं होतं, "या डोंगरानं डायनासोर पाहिले."

पाहिले नाहीत. भूवैज्ञानिक हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच टेकडीच्या बेसाल्टचं वय आरगॉन पद्धतीनं काढून २००१ साली प्रसिद्ध केलं: ६ कोटी ५ लाख वर्षं, १२ लाख इकडे किंवा तिकडे. खडकातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय संथपणे कॅल्शियम आणि आरगॉन वायू यांत बदलतो, निम्मा बदलायला १२५ कोटी वर्षं लागतात. नमुना अणुभट्टीत ठेवून मग टप्प्याटप्प्यानं तापवतात आणि प्रत्येक टप्प्यावर सुटलेला वायू मोजतात. सगळे टप्पे एकच वय सांगत असतील तर त्या आकड्यावर भरवसा. डायनासोर संपले ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. चुकीची सगळी सवलत डोंगराच्या पारड्यात टाकली तरी तो ६ कोटी १७ लाखांच्या पलीकडे जात नाही. सवलत दिली तरी मधला फरक त्रेचाळीस लाख वर्षांचा उरतो, न दिली तर पंचावन्न लाखांचा. साधारण तेवढ्याच काळात, किंवा थोड्या जास्त, एका पूर्वजापासून एकीकडे चिंपांझी झाले आणि दुसरीकडे आपण.

चूक का होते हेही उघड आहे. दख्खनच्या कातळाचा मोठा लोंढा, ज्यातून सह्याद्रीची उंची उभी राहिली, तो ६ कोटी ६० लाखांच्या आसपासचा. ते वय सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लावून टाकतात. (विस्ताराबाबतही हीच तऱ्हा. आज उघडं दिसणारं दख्खनचं कातळ क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, पण पन्नास हजार हा आकडा सर्रास फिरतो. एक शून्य वाटेत गळलं.) मुंबई ही या मैफिलीतली भैरवी आहे. गोराई-मनोरीचे ट्रॅकाइट (हाही लाव्हाचाच, फिकट रंगाचा खडक) आणि रायोलाइट, उत्तनजवळच्या डोंगरीतले रायोलाइटचे खांब, साकीनाक्याचे बेसाल्ट, या सगळ्यांची वयं सहा ते सव्वासहा कोटींच्या पट्ट्यात आली आहेत. घाटात बेसाल्टवर बेसाल्ट रचलेला असतो. मुंबईत राखेचे थर आहेत, पिवळट दगड आहेत, पाण्यात ओतल्या गेलेल्या लाव्हाच्या उशा आहेत. फोर्टातल्या कित्येक जुन्या इमारतींच्या पिवळसर भिंती ज्या मालाडच्या दगडाच्या आहेत, तो याच उशिराच्या ज्वालामुखींचा.

दोन उद्रेकांमधल्या शांत काळात इथे उथळ पाणी साचायचं. वरळीच्या अशा गाळथरांत बोटाएवढ्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. 'डायनासोर' हा शब्द घडवणारे तेच ओवेन. कासवंही सापडली. रीलसाठी मी बेडूक सुचवला, कुणी घेतला नाही.

वयाचा काकूंच्या प्रश्नाशी संबंध काय, असं भाचीनं विचारलं. सरळ संबंध नाही. पण "कोट्यवधी वर्षं उभा आहे, आता काय पडतोय" हा दिलासा इमारतीतला जो तो देत होता, आणि तो तपासायला हवा होता. खडक सहा कोटी वर्षांचा आहे. कडा नाही.

कडा कुणी केला

हे मला प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गिल्बर्टचा आजचा आकार, तो सुळका, त्या तासलेल्या उभ्या बाजू, ज्वालामुखीनं केलेल्या नाहीत. हा एका लांब धारेचा उरलेला तुकडा आहे. बाकीची धार खदानींनी खाल्ली. जोगेश्वरीच्या बाजूला असेच खांब होते, तेही फोडून नेले. मुंबईचे रस्ते, रेल्वेखालची खडी, इमारतींचे पाये, कुठूनतरी दगड यायचाच होता, आणि उभ्या भेगांचा बेसाल्ट खाणवाल्याला फार सोयीचा: निसर्गानं आधीच कापून ठेवलेला. २००७ साली महापालिकेनं टेकडीला वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत घेतलं आणि भोवतीचं खाणकाम बंद झालं.

खांब इतके सुरेख उघडे दिसतात तेही खाणीमुळेच. मी दर वर्षी मुलांना ज्या कड्यापुढे उभं करून स्तंभाकार बेसाल्ट शिकवते, तो सुरुंगानं कापलेला आहे. याची मला दर वेळी थोडी लाज वाटते, आणि तरीही मी त्यांना तिथेच नेते.

तिथून दोनेक किलोमीटरवर जोगेश्वरीचं लेणं आहे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. ते ज्या खडकात कोरलं तोही याच ज्वालामुखी क्षेत्रातला, पण राख आणि दगडांचे तुकडे एकत्र घट्ट झालेला, मऊ. छिन्नीला सोपा म्हणून लेणं झालं, आणि पावसालाही सोपा म्हणून मूर्ती झिजून ओळखू येईनाशा झाल्या. गिल्बर्टचा कठीण दगड कुणा शिल्पकारानं घेतला नाही. तो पार क्रशरपर्यंत शाबूत राहिला.

आता नैसर्गिक कडा आणि कापलेला कडा यांत फरक असा. डोंगर आपल्या गतीनं झिजला तर पडलेले दगड त्याच्याच पायाशी साठतात, त्यांचा उतार तयार होतो आणि तो उतार खालच्या भागाला टेका देतो. वरून पुढे येणारा दगडही त्या उतारावर अडतो. खाणीनं तो उतार उचलून नेला. खांब उभे राहिले, पण शेजारचा खांब गेला, पायाचा टेका गेला, आणि जिथे टेका होता तिथे आज माणसं राहतात.

मागची गल्ली

जुलैमधल्या एका उघडिपीच्या रविवारी काकूंच्या इमारतीच्या मागची चिंचोळी गल्ली पाहिली. कचरा, गटार, तुटकं फर्निचर, आणि त्यात दगड. मुलांनी अडतीस दगड गोळा केले. अकरांवर सिमेंट होतं. बाकीच्यांपैकी बऱ्याच दगडांची एक बाजू सपाट, तांबूस-तपकिरी, आणि उरलेल्या बाजू काळ्याभोर ताज्या.

तांबूस बाजू म्हणजे भेगेची भिंत. पाणी वर्षानुवर्षं त्या भेगेतून झिरपत होतं, दगडातलं लोह गंजलं. काळ्या बाजू म्हणजे सुटताना किंवा आपटून फुटलेल्या. थोडक्यात, हे दगड डोंगराचे होते.

मग कड्याकडे दुर्बिणीतून पाहिलं. एके ठिकाणी भेगांच्या तोंडाशी पिंपळ. मुळं खाली कितीतरी उतरलेली, एक मूळ खांबाला पाचरीसारखं मागून रेटत होतं. दुसरीकडे पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी पाझरत होतं. डिसेंबरात पुन्हा गेलो तेव्हाही त्या जागी ओल होती. पाऊस नसताना ओल असेल तर पाणी माणसाचं: बागेला घातलेलं, टाकीतून वाहणारं किंवा गळक्या नळाचं. हे मला पिंपळापेक्षा वाईट वाटलं. उपनगरात वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत येतो आणि जातो. गळका नळ बारा महिने गळतो. उभ्या भेगेत पाण्याचा स्तंभ साचला की तो खांबाला बाहेर ढकलतो, आणि भेग जितकी खोल भरेल तितका तळाशी दाब जास्त.

उत्तर

काकूंना उत्तर द्यायला मी जानेवारीत त्यांच्या घरी गेले. पोहे झाले, चहा झाला. त्यांच्या मनात २६ जुलै होता. २००५ सालच्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि साकीनाक्याला दरड कोसळून कितीतरी माणसं गेली. त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब तिथे राहायचं.

मी म्हटलं, "काकू, तसं इथे होणार नाही. दरड येते ती मुरमाची, मातीची, सैल भरावाची. पाणी पिऊन ती एकदम वाहते. हा अखंड कातळाच्या खांबांचा डोंगर आहे, तो वाहणार नाही."

"मग पत्रा कशानं फुटला?"

"तुमचा दगड वरच्या बांधकामातला. पण मागच्या गल्लीत डोंगराचेही आहेत. सगळा डोंगर येणार नाही, त्याचे तुकडे येतील. आज नारळाएवढा आला. कधीतरी खांबाचा मोठा टवकाही निघू शकतो, आणि तो घसरत नाही, पुढे कलतो आणि उलथतो."

"कधी?"

तारीख कुणी देऊ शकत नाही, हेही सांगितलं. काय करायचं ते मात्र सांगता आलं. वरची गळती आधी बंद करायची, ते सगळ्यात स्वस्त. पिंपळ उपटायचा नाही. मूळ ओढलं तर खांब सोबत येईल, म्हणून तो वरून छाटत राहायचा आणि मुळं जागीच मरू द्यायची. सैल तुकडे माहीतगार माणसांकडून दोरावरून उतरवून घ्यायचे, आणि कोकण रेल्वेच्या कापणींवर असते तशी लोखंडी जाळी लावायची. वारसा यादीतल्या दगडावर जाळी शोभत नाही अशी तक्रार होईल. माझ्या विषयातली मंडळीच आधी करतील. खाली माणसं झोपतात तोवर मी जाळीच्या बाजूनं आहे. हे सगळं इमारतीच्या समितीनं लेखी मागायचं, तो अर्ज भाचीनं लिहून दिला, फोटो आणि अडतीस दगडांची यादी जोडून. आणि तोपर्यंत मागच्या खोलीत, खिडकीला लागून, कुणी झोपायचं नाही.

शेवटचं काकूंना पटलं. पलंग त्याच दिवशी पुढच्या खोलीत आला, मागे धान्याचे डबे गेले. अर्जावर अजून पोच सोडून काही आलेलं नाही. पत्रा मात्र बदलला, जाड घातला.

निघताना मी त्यांना त्यांचा दगड परत दिला. तो त्यांनी ओट्यावर ठेवला, मिठाच्या बरणीशेजारी, आणि विचारलं, "म्हणजे हा सहा कोटी वर्षांचा?"

"साधारण."

"आणि हा?" त्यांनी ओट्यावर बोट वाजवलं. ओटा कडाप्प्याचा, कडांना झिजलेला.

कडाप्पा आंध्रातला, जुन्या समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा चुनखडी दगड. त्याचं वय गिल्बर्टच्या किमान आठपट. ते ऐकून काकूंनी आधी ओट्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"मग त्याच्यावर मी गरम कुकर ठेवते ते चालतं ना?" त्या म्हणाल्या.